ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा धंदा करायचाय? आधी शाई ठरवा, प्रिंटर मग

"ताई, फोटो प्रिंटिंग सुरू करायचंय, कोणता प्रिंटर घेऊ?" हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. मी उलट विचारते, छापणार काय? पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फोटो, मगवरचे फोटो म्हणालात तर कुठलाही सहा रंगांचा टँकवाला प्रिंटर घ्या आणि कामाला लागा. पण "जुने फोटो मोठे करून देणार, ब्लॅक अँड व्हाइट करणार" म्हणालात तर जरा थांबा. तिथे प्रिंटरचं मॉडेल हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न आहे शाईचा, दुसरा सॉफ्टवेअरचा. व्हिडिओमध्ये मी सेटिंग्ज दाखवल्यात, पण त्या तशाच का ठेवायच्या ते बोलायला वेळ पुरला नाही. म्हणून हा लेख.

आधी धंद्याचं बोलू. आज ब्लॅक अँड व्हाइट कोण मागतं? हौशी फोटोग्राफर मागतात, कॅफेवाले भिंतीसाठी मागतात, प्री-वेडिंगवाले अल्बममध्ये चार पानं टाकतात. पण आपल्याकडे खरं गिऱ्हाईक वेगळं आहे. घरात आजोबांचा एकच फोटो असतो, तोही कुठल्या तरी ओळखपत्रावरचा, शिक्का उमटलेला. वर्षश्राद्ध जवळ आलेलं असतं. तो फोटो साफ करून, १२×१८ करून, फ्रेममध्ये बसवून हवा असतो. आणि मुलगे चार, मुली दोन असतील तर सहा कॉपी. हे गिऱ्हाईक फारशी घासाघीस करत नाही. पण फोटो बिघडला तर ते पैसे परत मागायलाही येत नाही, अख्ख्या गावाला सांगतं. त्या फोटोला हार घातलेला असतो, हे लक्षात ठेवा.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. हुशार पोरगा, रिटचिंग सुंदर करायचा. एका घराण्याच्या पाच भावांसाठी वडिलांचे पाच फोटो करून दिले. दुकानात सगळे खूश. आठ-दहा महिन्यांत दोन फोटो लालसर झाले, एक हॉलमध्ये खिडकीसमोर होता तो तर विटकरीच. दिवाळीला भाऊ एकत्र जमले तेव्हा पाच घरांतले वडील पाच रंगांचे! त्याने बाजारातली सुटी, स्वस्त डाय शाई भरली होती. बाटलीमागे काहीशे रुपये वाचले. पाचही फोटो त्याला पुन्हा करून द्यावे लागले, आणि त्या घरातून पुढे एकही काम आलं नाही.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. साध्या रंगीत प्रिंटरला राखाडी रंग माहीत नसतो. त्याच्याकडे काळी, निळी, गुलाबी, पिवळी अशा शाया असतात. राखाडी दाखवायचा तर तो या रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकून तो भास निर्माण करतो. तीन रंगांचा तोल बरोबर जमला तर डोळ्याला राखाडी दिसतं. तोल थोडा सरकला की फोटो हिरवट मारतो नाहीतर जांभळट. रंगीत फोटोत एवढा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, साडीचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर चालून जातं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लपायला जागाच नाही.

त्यात दुसरी गंमत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बरोबर दिसलेला फोटो बाहेर उन्हात हिरवट दिसतो आणि घरी पिवळ्या बल्बखाली आणखी वेगळा. याला मेटामेरिझम म्हणतात. प्रकाश बदलला की वेगवेगळ्या शाया तो वेगळ्या प्रमाणात परत फेकतात आणि जमलेला तोल मोडतो. म्हणून माझा नियम आहे: ब्लॅक अँड व्हाइट फोटो गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो दुकानाबाहेर पायरीवर नेऊन बघायचा. फुकटचं टेस्टिंग आहे.

आणि तिसरी गोष्ट, उडण्याची. डाय शाई म्हणजे विरघळलेला रंग, तो कागदात मुरतो. चमक छान येते, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला खातात. सगळे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. निळी आधी उडाली की उरलेलं लालसर दिसणारच. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या वरच्या थरावर बसतात आणि टिकायला कितीतरी चांगले. काळ्या पिगमेंटमध्ये तर मुळात कार्बनच असतो, म्हणजे काजळीच म्हणा. आपल्या जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहिलेल्या आहेत आणि अक्षरं अजून काळीभोर आहेत. घरातला अल्बम काढून बघा. आजोबांचा १९६० च्या आसपासचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो अजून धडधाकट असतो आणि १९८० च्या लग्नातला कलर फोटो लाल पडलेला. कारण जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चांदीचे कण होते, कलर फोटोत डाय होता. कागद, अल्बम, कपाट, सगळं तेच. फरक फक्त चित्र कशाचं बनलंय याचा.

आता शाया निवडू. माझ्या मते नव्या उद्योजकासमोर खऱ्या अर्थाने तीनच वाटा आहेत.

एक, सहा रंगांचा डाय टँक प्रिंटर, म्हणजे एप्सनचा जुना एल-८०५ किंवा एल-१८००, नंतरचे एल-८०५० आणि एल-१८०५०. गावोगावच्या स्टुडिओत हेच दिसतात. उत्तम मशीन आहेत, कलरसाठी. त्यांच्यातली पाचवी-सहावी शाई म्हणजे फिकी निळी आणि फिकी गुलाबी. ग्रे नाहीच. यावर ब्लॅक अँड व्हाइट काढता येतो, पण राखाडी रंग प्रत्येक वेळी रंगांच्या मिश्रणातूनच येणार. "ग्रेस्केल" वर टिक केली की सगळं सुटतं असं सांगणारे बरेच आहेत. प्रत्येक ड्रायव्हर तिथे आपापल्या पद्धतीने वागतो. कुठे फक्त काळी शाई वापरली जाते, मग गालावर, कपाळावर, पांढऱ्या टोपीवर बारीक काळे ठिपके दिसतात, रवा सांडल्यासारखे. कुठे रंग मिसळलेच जातात. भिंगाने बघा, लगेच कळतं.

दोन, ग्रे शाई असलेला टँक प्रिंटर. कॅननचा जी-५७० आहे, त्यात नेहमीच्या चार रंगांबरोबर लाल आणि ग्रे येते. पण तो ए-४ पर्यंतच. एप्सनचा एल-८१८० आहे, तो ए-३ प्लस पर्यंत जातो आणि त्यात ग्रे शाई वेगळी आहे, शिवाय साध्या कागदासाठी काळी पिगमेंट. या दोन्हींत फोटोच्या शाया डायच आहेत, हे विसरू नका. पण ग्रे आली की राखाडीचा मोठा भार एका शाईवर जातो, रंगांचं मिश्रण कमी लागतं आणि हिरवट-जांभळटचा त्रास खूप कमी होतो. सुरुवात करणाऱ्याला मी हीच वाट सुचवते. ए-३ प्लस म्हणजे १३×१९ इंच. १२×१८ छापलं की चारही बाजूंनी अर्धा इंच पांढरा कागद उरतो, फ्रेमवाल्याला धरायला बरा.

तीन, पिगमेंटचे खास फोटो प्रिंटर. एप्सन शुअरकलर एससी-पी७०० आणि पी९००, कॅननचे प्रो-३०० आणि प्रो-१०००. यांत काळीबरोबर ग्रेच्या एक किंवा दोन छटा असतात. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये 'ॲडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू फोटो' असा वेगळा मोड येतो. तो प्रामुख्याने काळ्या आणि ग्रे शायांवर चालतो, रंग फक्त छटा देण्यापुरता चिमूटभर घेतो. न्यूट्रल, थंड, उबदार, सेपिया असं निवडता येतं. रिझल्ट बघितलात तर प्रेमात पडाल. पण कार्ट्रिज बघा! पी७०० ची एक कार्ट्रिज २५ मिलीची, अशा दहा. पी९०० ची ५० मिलीची. प्रो-३०० ची तर १४.४ मिली, म्हणजे तीन चमचे. टँकवाल्या एप्सनची एक बाटली ७० मिलीची असते, त्याच्याशी तुलना करा. मशीनची किंमत एकदाच मोजायची असते, ही कार्ट्रिज दर महिन्याला. प्रदर्शनाची, गॅलरीची, आर्किटेक्टची कामं हातात असतील तरच हा खर्च झेपतो. नुसतं "कधीतरी येतील" या आशेवर घेऊ नका.

चौथी वाट हौशी लोक सांगतील. प्रिंटरमधले सगळे रंग काढून टाकायचे आणि सगळ्या टाक्यांत काळ्याच्याच कमी-जास्त गडद छटा भरायच्या. अमेरिकेत जॉन कोन यांनी पिझोग्राफी नावाने ही पद्धत नावारूपाला आणली. छटा इतक्या सलग उतरतात की ठिपका शोधून सापडत नाही. मला या पद्धतीबद्दल नितांत आदर आहे आणि तरीही दुकानदाराला मी स्पष्ट नाही म्हणते. तो प्रिंटर पुन्हा कलरला उपयोगाचा राहत नाही. शाई बाहेरून मागवावी लागते. आणि आठवड्याला दोनच फोटो निघाले तर हेड चोक होतं. दुकानात रिकामी बसलेली मशीन शाई वाचवत नाही, उलट क्लीनिंगमध्ये पिते.

सुट्या शाईबद्दल इतकंच: ज्या शाईच्या टिकाऊपणाची टेस्ट कुणी केलेली नाही, ती ब्लॅक अँड व्हाइटला वापरायची नाही. अमेरिकेत विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था शाई आणि कागद यांची जोडी करून टिकाऊपणा तपासते. जोडी हा शब्द महत्त्वाचा. कंपनीची शाई आणि भलताच कागद असेल तर तो आकडा तुम्हाला लागू नाही. ओळखपत्राच्या कामाला स्वस्त शाई वापरायची असेल तर त्याला वेगळा प्रिंटर ठेवा.

आता सॉफ्टवेअर. इथे उलट चित्र आहे. शाईत पैसे वाचवू नका असं मी म्हणते, पण सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला एक रुपया घालू नका. गिंप आणि डार्कटेबल फुकट आहेत. एप्सनचं प्रिंट लेआउट आणि कॅननचं प्रोफेशनल प्रिंट अँड लेआउट त्यांच्या खास प्रिंटरांसाठी फुकट मिळतं. फोटोशॉप येत असेल तर भाडं भरून घ्या, चोरीचं नको. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांचे घरगुती फोटो असतात तिथे क्रॅक सॉफ्टवेअरमधून व्हायरस आत घेणं म्हणजे स्वतःच्या दाराला स्वतःच भगदाड पाडणं.

पण फुकट असो की विकत, काम कळलं पाहिजे. पहिलं काम रंगीतचं ब्लॅक अँड व्हाइट करणं. बहुतेक जण 'डीसॅच्युरेट' दाबतात आणि मोकळे होतात. फोटोशॉपमध्ये भडक लाल आणि भडक हिरव्यावर ते दाबून बघा, दोन्ही अगदी एकसारखे राखाडी होतात. म्हणजे आजीच्या हिरव्या साडीचे लाल काठ गायब! त्याऐवजी 'ब्लॅक अँड व्हाइट' ॲडजस्टमेंट लेयर घ्या, त्यात प्रत्येक रंग वेगळा उजळ-गडद करता येतो. लालचा स्लायडर वर नेला की चेहरा उजळतो, खाली आणला की सुरकुत्या आणि डाग उठतात. गिंपमध्ये हेच काम मोनो मिक्सरने होतं.

दुसरं, जुना फोटो मुळात ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्येच करा. स्कॅनरवर 'ग्रे' निवडणारे इथे फसतात. पिवळे, तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये सर्वांत जास्त दिसतात आणि लाल चॅनलमध्ये सर्वांत कमी. कलर स्कॅन असेल तर फक्त लाल चॅनल उचला, अर्धी साफसफाई आपोआप झालेली असते. उलट निळ्या शिक्क्याचं. तो लाल चॅनलमध्ये गडद उठतो आणि निळ्यात फिका पडतो. दोन्हींतून हवं ते घेऊन जोडायचं. बिटचा पर्याय असेल तर १६ बिट घ्या, नाहीतर मागच्या पडद्याच्या छटांमध्ये पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात.

तिसरं, आणि इथेच सगळ्यात जास्त कागद फुकट जातो. रंग कोण सांभाळणार, फोटोशॉप की प्रिंटर, हे एकालाच सांगायचं. फोटोशॉपमध्ये कागदाचं आयसीसी प्रोफाइल निवडलं असेल तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद. दोघांनीही दुरुस्ती केली की फोटो गुलाबी निघतो आणि मग लोक शाईला शिव्या घालतात. एका घरात दोन सासवा झाल्यासारखं होतं ते. ॲडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू मोड वापरत असाल तर उलट, तिथे रंग प्रिंटरकडेच सोपवायचे.

क्वाडटोन रिप नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, रॉय हॅरिंग्टन यांनी केलेलं. एप्सनच्या ठरावीक प्रिंटरांवर कुठली शाई कोणत्या छटेला किती जायची हे त्यात आपण स्वतः ठरवतो. शिकायला वेळ लागतो, दिसायला जुनाट आहे, पण ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांत त्याला मान आहे. मोठाली महागडी रिप सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं तर आधी हे शिका आणि मग ठरवा. पहिल्या वर्षी दोन्हींची गरज पडत नाही.

गरज पडते ती एका पट्टीची. शून्य ते शंभर टक्के काळा, पाच-पाच टक्क्यांच्या टप्प्याने २१ चौकोन. अर्ध्या तासात स्वतः बनवता येते. प्रत्येक नव्या कागदावर, प्रत्येक नव्या बाटलीनंतर ती छापा. ९०, ९५ आणि १०० वेगळे दिसतात का? नसतील तर काळ्या कोटाच्या घड्या आणि केस एकच गोळा होणार. ५ टक्के कागदापासून वेगळा दिसतो का? नसेल तर पांढरं धोतर कागदात विरून जाणार. मधले चौकोन हिरवट किंवा जांभळट आहेत का? पट्टीच्या मागे तारीख, शाई, कागद, सेटिंग लिहून फाइलला लावा. माझ्या दुकानातली ही फाइल मी कॅश काउंटरइतकीच जपते. आणि फोटो स्क्रीनपेक्षा काळा येतो म्हणून रडू नका, स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा. बहुतेक वेळा प्रिंट बरोबर असतो, स्क्रीन जास्त भडक असते.

कागदाचं थोडक्यात. ग्लॉसीवर काळा सर्वांत खोल दिसतो, पण काचेमागे गेल्यावर चमकेचा उपयोग नाही आणि बोटांचे ठसे मात्र पडतात. मला लस्टर आवडतो. मॅटवर काळा मुळातच थोडा फिका येतो, ती शाईची चूक नाही. छापल्यावर किमान एक दिवस सुकू द्या आणि मगच काच लावा, नाहीतर आतून धुरकटपणा येतो. काच लावाच; डाय शाईचं हवेपासून संरक्षण तीच करते.

आता हिशोब. बीबीएला कॉस्टिंग शिकले तेव्हा उदाहरणं कारखान्यांची असायची, पण नियम इथेही तोच. समजा, महिन्यात शाईवर ३,००० रुपये गेले. मशीनचा काउंटर सांगतो ६० प्रिंट. मग एक प्रिंट ५० रुपये शाई? नाही. विकले गेले ४०, बाकी २० टेस्ट आणि फेकलेले. म्हणजे शाई ७५ रुपये. कागद ४० रुपयांचा असेल तर ६० कागदांचे २,४०० झाले, ते ४० प्रिंटवर वाटले की ६०. मशीन ६०,००० चं धरा, तीन वर्षांत वसूल करायचं तर महिन्याला साधारण १,६६७, म्हणजे प्रिंटमागे ४२. एकूण १७७. यात वीज नाही, भाडं नाही, आणि शिक्का काढायला बसलेले तुमचे दोन तास नाहीत. ज्याने ५० आणि ४० मिळून ९० रुपये खर्च धरला आणि १५० ला फोटो विकला, तो प्रत्येक फोटोमागे २७ रुपये खिशातून घालतोय आणि धंदा जोरात आहे असं समजतोय.

म्हणून रिटचिंगचे पैसे वेगळे लावा, प्रिंटचे वेगळे. पहिली कॉपी महाग, पुढच्या कॉपी स्वस्त. भाऊ-बहिणींसाठी सहा कॉपी लागणारच असतात, त्या एकाच दिवशी, एकाच कागदाच्या पाकिटातून काढा, म्हणजे सगळ्या सारख्या येतील. महिन्याला दहाच ऑर्डर येत असतील तर मशीन घेऊच नका. रिटचिंग स्वतः करा, प्रिंट शहरातल्या चांगल्या पिगमेंट लॅबकडून आणा. फक्त त्यांच्याकडून आधी ती २१ चौकोनांची पट्टी छापून मागवा. चांगला लॅबवाला आनंदाने देतो, आणि जो "त्याची काय गरज" म्हणतो त्याच्याकडे काम टाकू नका.

मशीन घेतलीत तर आठवड्यातून दोनदा तरी एक छोटा रंगीत फोटो छापायचा, सगळ्या शाया फिरल्या पाहिजेत. पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं ठेवायचं नाही. आणि बिलावर एक ओळ लिहायला सुरुवात करा: शाई डाय की पिगमेंट, कागद कोणता, आणि फोटो थेट उन्हात लावू नये. आम्ही दोन्हींचा एकेक नमुना काउंटरवर ठेवलाय, दर वेगवेगळे लिहून. गिऱ्हाईक स्वतः विचारतं, "हा महाग का?" मग मी सांगते, आणि वडिलांचा फोटो असेल तर बरेच जण महागाकडेच बोट दाखवतात.